एका टोकाचा पूल

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या पुलावर त्या दिवशी वारा इतका सुटला होता की ओढणी सांभाळू की नातीच्या बाबागाडीवरचं पांघरूण, असं मला झालं होतं. खाली ऱ्हाइन, शिशाच्या रंगाची, आवाज न करता वाहणारी. लेक गाडी लावून मागून येत होती. कठड्यापाशी एक आजोबा सायकल टेकवून उभे होते. ऐंशी नक्की ओलांडलेली, गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांत पाणी. ते वाऱ्याचंच असेल. त्यांनी आधी बाळाकडे बघून मान डोलावली आणि मग मला इंग्रजीत विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, भारतातून. भारतात कुठून? पुण्याहून. ते त्यांना उमगलं नाही, म्हणून मी जुना उच्चार करून ‘पूना’ म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी पुलाच्या लोखंडावर हात दोनदा थोपटला, घरच्या बैलाच्या पाठीवर थोपटावा तसा. “हा जॉन फ्रॉस्टचा पूल. आणि फ्रॉस्टचा जन्म पूनाचा. म्हणजे तो तुमचाच की!”

“नाही,” मी म्हणाले. “आमचा नव्हता तो. त्याचे वडील आमच्यावर राज्य करणाऱ्यांच्या फौजेत होते. नोकरीच्या मुलखात मूल जन्मलं, एवढंच.”

माझा आवाज मला अपेक्षित होता त्याहून कडक लागला. आजोबांनी थोडा वेळ नदीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “आमचाही नव्हता.” मग नातीच्या गालाला एका बोटाने हलकेच शिवून, सायकलवर टांग टाकून ते उताराला लागले. लेक येईपर्यंत ते दिसेनासे झाले होते.

आमचाही नव्हता.

लेक आइंडहोव्हनला राहते. आर्नहेमहून तिच्या घरापर्यंत गाडीने तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना सपाट हिरवी कुरणं, मधूनमधून कालवे, पाण्यात उलटं पडलेलं आभाळ. नात मागे झोपली होती आणि तिची झोप पुरी व्हायच्या आत घर आलंसुद्धा. १७ सप्टेंबर १९४४ च्या दुपारी बेल्जियमच्या सरहद्दीवरून ब्रिटिश रणगाड्यांची रांग याच मुलखातून उत्तरेकडे निघाली होती. आइंडहोव्हन, मग सोन, फेखल, ग्रेव्ह, नायमेगन आणि शेवटी आर्नहेम. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेतले पूल आकाशातून उतरलेल्या सैनिकांनी आधी ताब्यात घ्यायचे आणि रणगाड्यांनी एकेका पुलावरून पुढे सरकत शेवटच्या पुलापाशी ऱ्हाइन ओलांडून जर्मनीत शिरायचं, अशी ती योजना. शेवटचा पूल दोन दिवस धरा, असं फ्रॉस्टला आणि वरून उतरलेल्या बाकीच्यांना सांगितलं होतं. लेकीला मी हे गाडीत सांगत होते, तर ती म्हणाली, “म्हणजे पावनखिंडच की, आई.” मला पटकन हो म्हणवेना. बाजींचे कान विशाळगडाच्या तोफांकडे लागले होते आणि त्या तोफा वाजल्या. इथे वाजल्या नाहीत. शिवाय बाजींच्या मागे त्यांचा राजा सुखरूप चालला होता. या माणसांच्या मागे कोणी नव्हतं. ज्यांच्यासाठी ते थांबले होते, ते समोरून यायचे होते.

पुण्याला परतल्यावर मी या फ्रॉस्टच्या मागे लागले. आधी वाटलं, त्या आजोबांना दिलेलं उत्तर बरोबर होतं हे स्वतःला पटवायला वाचते आहे. पण वाचता वाचता ते बाजूला राहिलं. जॉन डटन फ्रॉस्ट, जन्म ३१ डिसेंबर १९१२, पुणे. वडील हिंदुस्थानी लष्करात अधिकारी. मुलगा सँडहर्स्टला शिकून १९३२ मध्ये कॅमेरोनियन्स या स्कॉटिश पलटणीत गेला. पॅलेस्टाइन झालं, इराक झालं. इराकमध्ये तिथले गोरे अधिकारी घोड्यांवरून शिकार करत, त्यांच्या मंडळाने निरोपाच्या वेळी त्याला एक तांब्याचं शिकारी शिंग दिलं. हे शिंग त्याने युद्धात बरोबर नेलं. माझं मन त्या शिंगापाशी अडकलं. आपल्याकडे शिंग फुंकलं की लग्नाची वरात आठवते, जत्रेत पालखी निघताना तो आवाज पोटात घुमतो. हा माणूस ते घेऊन काळोखात विमानातून उडी मारत होता.

त्याचं पहिलं नाव झालं ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ब्रून्व्हालला. फेब्रुवारी १९४२ ची सत्तावीस-अठ्ठावीसची रात्र. कड्यावर जर्मनांचं वुर्झबर्ग नावाचं रडार होतं. ब्रिटिशांची विमानं कशाने टिपली जातात हे कळायला त्या यंत्राचे भाग हवे होते. फ्रॉस्ट तेव्हा मेजर. त्याच्याबरोबर एकशेवीस माणसं, बहुतेक स्कॉटिश. धावपट्टीवर बॅगपाइप वाजवत त्यांना विमानांपर्यंत नेलं. उड्डाणाआधी सगळ्यांनी कपामागून कप चहा प्यायला होता, त्यामुळे बर्फात उतरल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल ते सांगायला नको. फ्रॉस्टने स्वतः ते प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. मला ते वाचून तो एकदम जवळचा वाटला, हे कबूल करते. बरोबर कॉक्स नावाचा हवाई दलातला रडार तंत्रज्ञ होता, लढाईआधी सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा. त्याने गोळ्या डोक्यावरून जात असताना अंधारात स्क्रू काढले, जे निघेना ते पहारीने उचकटलं. भाग घेऊन सगळे खाली समुद्रकाठी आले. आणि बोटी नव्हत्या. वायरलेसला उत्तर येईना. वरच्या बाजूने जर्मन येत होते, जखमी वाळूत निजवलेले, समोर नुसतं काळं पाणी. आपल्याला सोडून गेले, असं फ्रॉस्टला वाटलं. खरं तर बोटी आतच समुद्रात होत्या. जर्मन गस्तीची जहाजं अगदी जवळून गेली म्हणून श्वास रोखून थांबल्या होत्या. अखेर त्या आल्या. मिलिटरी क्रॉस मिळाला, लंडनमध्ये चर्चिलसमोर जाऊन हकिगत सांगावी लागली.

बोटी आल्या, म्हणून ती विजयाची गोष्ट झाली. नाहीतर सगळं तेच राहून ती दुसरीच गोष्ट झाली असती.

नऊ महिन्यांनी ट्युनिशियात ते झालं. फ्रॉस्ट आता पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा प्रमुख होता. २९ नोव्हेंबर १९४२ ला त्याची माणसं देपियेनजवळ उतरली. शत्रूचे विमानतळ उद्ध्वस्त करायचे आणि मागून येणाऱ्या सैन्याला मिळायचं. औदनाच्या विमानतळावर पोचले तर तिथे विमानंच नव्हती. मागून येणारं सैन्यही निघालं नव्हतं. ट्युनिसवरचा हल्ला पुढे ढकलल्याचं त्यांना वायरलेसवर नंतर कळलं. त्याआधी एक गोष्ट घडली, ती मला अजून विसरता येत नाही. आपल्या सैन्याची ओळख म्हणून ठरलेला पिवळा त्रिकोण लावून चिलखती गाड्या येताना दिसल्या. माणसांना वाटलं, आले एकदाचे. त्या गाड्या जर्मनांच्या होत्या. पिवळे त्रिकोण पकडलेल्या कैद्यांकडून मिळालेले. मग पन्नास-साठ मैल चालत, लढत, नांगरलेल्या शेतांतल्या चिखलातून माघार. रात्री माणसं पांगायची आणि फ्रॉस्ट अंधारात उभा राहून ते शिंग फुंकायचा. आवाज ऐकून जेवढी येतील तेवढी घेऊन पुढे निघायचा. परत पोचेपर्यंत अडीचशेहून जास्त माणसं गेली होती, कोणी मेलेली, कोणी जखमी, कोणी पकडलेली. मला सारखं वाटत राहतं, शिंग फुंकून झाल्यावर किती वेळ थांबायचं हे तो कसं ठरवत असेल? कोणीतरी अजून ओढ्यापलीकडे असेल, लंगडत येत असेल. कधीतरी ‘चला’ म्हणावंच लागणार.

त्यानंतर सिसिली, इटली. आणि मग हा पूल. या मोहिमेला निघताना फ्रॉस्टने आपले गॉल्फचे दांडे, बंदूक आणि मेजवानीला घालायचा कोट मागून येणाऱ्या गाडीत पाठवायला सांगितला होता. लोक हे गमतीने सांगतात. मला त्यात त्याचा विश्वास दिसतो. मागचे येणार, हे त्याने धरून चाललेलं होतं, ट्युनिशिया भोगून झाल्यावरही.

रविवारची दुपार होती. उतरायची जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब निवडलेली. गावोगावची डच माणसं रस्त्यावर धावत आली, सफरचंदं, टोमॅटो, दूध हातात कोंबू लागली, नारिंगी फुलं लावू लागली. चार वर्षांनी सुटका आली होती. फ्रॉस्टची बटालियन नदीकाठच्या रस्त्याने गेली. आधी लागणारा रेल्वेचा पूल जर्मनांनी त्यांच्या डोळ्यांदेखत उडवला. रात्री आठच्या सुमारास मेजर टॅथम-वॉर्टरची कंपनी मोठ्या पुलाच्या उत्तर टोकाला पोचली. या टॅथम-वॉर्टरचा वायरलेसवर विश्वास नव्हता म्हणून त्याने माणसांना बिगुलाच्या खुणा शिकवल्या होत्या, आणि वायरलेस खरोखरच बंद पडले. तो लढाईभर हातात एक छत्री घेऊन हिंडत होता, पावसाची, साधी. परवलीचा शब्द माझ्या लक्षात राहत नाही, छत्री पाहून तरी लोक मला इंग्रज म्हणून ओळखतील, असं तो सांगे. पॅराशूटला आपण छत्रीच म्हणतो. छत्रीने उतरलेला माणूस छत्री घेऊन गोळीबारातून चालतोय, हे चित्र मराठीतच नीट दिसतं.

त्याच रात्री लेफ्टनंट ग्रेबर्न काही माणसं घेऊन पूल ओलांडायला निघाला. लोखंडी कमानीखाली आडोसा कसला नव्हता. खांद्याला गोळी लागून त्याला मागे यावं लागलं. पुलावरच्या बुरुजाजवळ ठेवलेला दारूगोळा पेटला आणि पुलाचा रंग जळायला लागला, सगळी रात्र पूल स्वतःच मशालीसारखा जळत होता. दक्षिणेचं टोक मिळालं नाही ते नाहीच. सकाळी दक्षिणेकडूनच गाड्यांची रांग पुलावर आली. काहींना वाटलं, आपलेच रणगाडे, वेळेच्या आधीच आले. ते नवव्या एसएस डिव्हिजनचे, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या खास फौजेतले जर्मन होते. ट्युनिशियातला पिवळा त्रिकोण पुन्हा एकदा. त्या रांगेचा दोन तास चाललेल्या लढाईत चुराडा झाला, कमानीखाली जळक्या गाड्यांचा ढीग पडला आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

दहा हजारांच्या डिव्हिजनने धरायचा पूल साधारण साडेसातशे माणसांनी धरला होता. बाकीचे शहराबाहेर ओस्टरबेकच्या झाडीत अडकलेले. घरांच्या खिडक्या फोडलेल्या, पडदे फाडलेले, बाथटबमध्ये पाणी साठवलेलं. तेही संपलं. एकेका घरातून दुसऱ्या घराला आपण अजून आहोत हे कळवायला ते एक हाक मारत. ती हाक ते ट्युनिशियात शिकले होते, तिथले गावकरी डोंगरावरून डोंगरावर एकमेकांना साद घालत त्यावरून. आमच्या आजोळी गुराखी एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडाला असाच लांबलचक सूर लावत. तेव्हा शब्दांची गरज नसे, सूर आला म्हणजे माणूस आहे. आर्नहेममध्ये दर तासाला त्या हाकेला उत्तर देणारी घरं कमी होत गेली. रणगाडे समोर उभे राहून घराचा एकेक मजला उतरवत होते. ग्रेबर्न बुधवारी, वीस तारखेला मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी उखळी तोफेचा गोळा पडून फ्रॉस्टचे दोन्ही पाय जखमी झाले. त्याला तळघरात नेलं. तिथे दोनशेहून जास्त जखमी, काळोख, रक्ताचा आणि प्लास्टरच्या धुरळ्याचा वास, आणि वर घर पेटलेलं. संध्याकाळी तह करून जर्मनांनी ते जखमी बाहेर काढले. फ्रॉस्टने नंतर सांगितलं की त्यांनी सौजन्याने वागवलं. एसएसवाल्यांबद्दल असं वाक्य वाचताना मला थांबावं लागलं, कारण या नावाबरोबर मला दुसरं सगळं आठवतं. पण ज्याने तळघरात पडून ते पाहिलं त्याचं म्हणणं मी खोडणारी कोण?

त्याच बुधवारी संध्याकाळी नायमेगनचा पूल हाती आला. तिथून आर्नहेम सतरा-अठरा किलोमीटर. गुरुवारी पहाटेपर्यंत फ्रॉस्टची उरलेली माणसं लढत राहिली. दोन दिवस सांगितलं होतं, चौथी रात्र सरेपर्यंत त्यांनी ते टोक सोडलं नाही. कोणी आलं नाही.

डिसेंबरच्या अखेरीला, एकतीस तारखेला, मी मुद्दाम संध्याकाळी कॅम्पात गेले. वर्ष संपायच्या रात्री एम. जी. रोडवर पाय ठेवायला जागा नसते. पिपाण्या, फुगे, चमकणारी शिंगं डोक्याला लावलेली मुलं, कयानीसमोरची रांग. इंग्रजांच्या काळात हा मेन स्ट्रीट. वडील सांगत, लहानपणी पेठेतून कॅम्पात जाणं म्हणजे परगावी जाणं वाटे, आवाज आपोआप खाली यायचा. १९१२ च्या या तारखेला या शहरात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरी मुलगा झाला, त्या दिवशी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि सुटकेला अजून दीड वर्ष होतं. हे दोन्ही मला एकदम डोळ्यांसमोर आणायचं होतं. जमलं नाही. एक आणलं की दुसरं मागे सरकतं. त्या आजोबांना दिलेलं उत्तर मला इथे, गर्दीत उभं राहून, पुन्हा खरं वाटलं. आणि पुरेसं वाटलं नाही.

कारण मग ‘आमचे’ कोण, हे मी कधी पाहिलं होतं? त्याच १९४४ सालच्या मार्चमध्ये, आर्नहेमच्या सहा महिने आधी, मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाच्या गावी पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात गोरखे होते, हिंदी पॅरा बटालियन होती आणि बरोबर आपली चौथी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, म्हणजे साताऱ्या-कोल्हापूरची, कोकणातली माणसं. डोंगरमाथा खडकाळ, खंदक खोल जात नव्हते, पाणी नव्हतं. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या हाती पडत होतं. आर्नहेमलाही पुढे नेमकं हेच झालं. आठवड्याच्या आत सगळं संपलं, २६ मार्चच्या रात्री उरलेले फोडून बाहेर पडले. पण जपान्यांचे तेवढे दिवस तिथे गेले आणि कोहिमा-इम्फाळला तेवढी सवड मिळाली. माझं आजोळ कोरेगावच्या बाजूला, जिथे घरटी एक माणूस फौजेत. तरी सांगशाक हे नाव मी वयाच्या साठीला, एका इंग्रज अधिकाऱ्याचा शोध घेता घेता वाचलं. तेही राज्य करणाऱ्यांच्याच फौजेत होते, आणि त्यांना ‘आमचे नव्हते’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

डच माणसांचंही मला उलगडता उलगडत नाही. आर्नहेमची लढाई त्यांच्या दृष्टीने आपत्ती होती. शहर जळलं. उरलं ते जर्मनांनी रिकामं करायला लावलं. नव्वद हजारांच्या वर माणसं हातगाड्या, सायकली, बाबागाड्या ढकलत बाहेर पडली आणि मागे त्यांची घरं लुटली गेली. पश्चिम हॉलंडात त्या हिवाळ्यात ट्यूलिपचे कंद उकडून खायची वेळ आली आणि वीस हजारांच्या आसपास माणसं उपासमारीने गेली. आर्नहेमची सुटका १९४५ च्या एप्रिलमध्ये झाली. ज्यांच्या येण्याने हे झालं त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी ओस्टरबेकच्या दफनभूमीत १९४५ पासून दर सप्टेंबरला शाळेची मुलं येतात, एकेका थडग्यामागे एकेक मूल उभं राहतं आणि एकाच वेळी सगळी फुलं ठेवतात. सतराशेच्या वर थडगी आहेत. आणि पुलाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी फ्रॉस्टचं नाव दिलं. त्याला स्वतःला ते नको होतं. तो तोवर निवृत्त मेजर जनरल होऊन ससेक्समध्ये गुरं पाळत, शेती करत राहत होता. आपल्याला लांब उतरवलं, नायमेगनचा पूल आधी घेतला नाही, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. १९९३ च्या मे महिन्यात तो गेला. लढाईतला तो पूलही खरा उरलेला नाही. लढाईनंतर दोन-तीन आठवड्यांतच दोस्तांच्या विमानांनी तो पाडला, मी उभी होते तो त्याच जागी, तशाच रूपाचा बांधलेला दुसरा.

ते आजोबा ऐंशीच्या पुढचे, म्हणजे तेव्हा लहान मूल. त्या हातगाड्यांपैकी एखादीवर ते बसले असतील. मी विचारलं नाही. मी त्यांना त्यांच्या पुलावर उभं राहून इतिहास सांगत होते.

संक्रांतीला मी आजोळी गेले, मामांना तिळगूळ द्यायला. धाकटे मामा दुसऱ्या पॅराचे. मूळची मराठा पलटण, बावन्न साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, पण आत माणसं मराठाच. बांगलादेशच्या लढाईत ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरले त्यांत मामा होते. पुंगलीचा पूल धरायचा होता, उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायला. याबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत. लहानपणी मी विचारलं की एवढंच सांगत, “छत्री उघडली का वर बघायचं, आन् मग खाली.” त्या दिवशी अंगणात उन्हाला बसले होते, पायावर शाल. मी फोनमधला फोटो दाखवला, मग त्यांच्यासाठी छापून आणलेला मोठा फोटो हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

“लांबुडका हाय. मधी आडोसा न्हाई कुठं.” मग म्हणाले, “आम्ही उतरलो तवा दिस कलला हुता. खालनं लोकं पळत आली. वाटलं, आता हे काय करत्यात. तर त्यांनी आमच्या दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेतल्या. म्हातारीकोतारी सुदीक.” मी त्यांना ओस्टरबेकच्या सफरचंदांचं सांगितलं. ते मान हलवत राहिले.

“मामा, रात्रभर काय करत होतात?”

“काय करनार? रस्त्याकडं बघत हुतो. एकीकडनं त्ये येनार, दुसरीकडनं आपले. अंधारात गाडीचा आवाज आला का कोनाचा हाय ते आधी कळत न्हाई, बायो. तेवढं वाईट.” थोडं थांबून, “दुसऱ्या दिशी जंगी पलटन आली. मराठाच. त्यातला एक आमच्या शेजारच्या गावचा निघाला. त्यानं मला इचारलं, ज्येवला का?”

मी आर्नहेमचं सगळं सांगितलं. दोन दिवस धरायला सांगितलं होतं, ते चौथ्या दिवसापर्यंत राहिले. त्या अधिकाऱ्याचा जन्म पुण्याचा, हेही सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

“पानी हुतं का त्यास्नी?”

“संपलं होतं.”

“आन् ह्ये पलीकडचं टोक कोनाकडं?”

“जर्मनांकडे. पहिल्या रात्री प्रयत्न केला, नाही मिळालं.”

मामांनी फोटोवर अंगठा ठेवला. उत्तरेचं टोक कुठलं, दक्षिणेचं कुठलं, हे माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. मग बराच वेळ ते त्या अंगठ्याकडेच बघत होते. “एका टोकानं पूल धरत न्हाईत गं,” ते म्हणाले. “तरीबी चार दिस.” आतून मामी चहा घेऊन आल्या. मामांनी कप घेतला नाही, फोटोही परत दिला नाही.

“ह्ये ठिवू का माझ्याकडं?”